गंजीफ्रॉक ते जर्सी



‘गंजीफ्रॉक’ आणि ‘जर्सी’ हे दोन्ही शब्द आपल्या परिचयाचे आहेत. पहिला आपल्या आजोबांच्या पिढीबरोबर मागे पडत चालला आहे. दुसरा आपल्यापैकी अनेकांच्या अंगावर आहे. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधील समुद्रात गर्न्सी आणि जर्सी नावाची दोन बेटे आहेत. तेथील कोळी लोक लोकरीचे घट्ट विणलेले अंगरखे घालीत. गर्न्सीच्या अंगरख्याला इंग्रजीत ‘गर्न्सी फ्रॉक’ असे नाव पडले आणि त्याचा आपल्याकडे ‘गंजीफ्रॉक’ झाला. लोकर गेली, सूत आले आणि कोळ्याचा अंगरखा सदऱ्याखाली घालावयाचा कपडा झाला. जर्सीचा शब्द मात्र आमच्या दारव्हा तालुक्यात प्रथम पोहोचला तो कपडा म्हणून नव्हे, तर गाय म्हणून. १९८३ साली आमच्या मंडळाच्या फुटबॉल संघाला जर्सी मिळणार आहेत, असे मी घरी सांगितले तेव्हा आईने विचारले, “थ्या कोनाच्या गोठ्यात बांदनार हायेत?” शब्दाच्या अर्थविस्ताराचे याहून चांगले उदाहरण मला पुढे पस्तीस वर्षांच्या अध्यापनातही सापडले नाही.

त्या मंडळाच्या सदऱ्यांविषयी आज मी आपणास सांगणार आहे. मंडळाचे नाव येथे महत्त्वाचे नाही. विदर्भातील कोणत्याही तालुक्याच्या गावी असावे तसे ते आहे. त्याची स्थापना १९७२ ची. महाराष्ट्राच्या स्मरणात ते दुष्काळाचे साल आहे आणि कापूस उत्पादकांच्या स्मरणात राज्याच्या एकाधिकार कापूस खरेदी योजनेचेही. त्या वेळी मी चार वर्षांचा होतो. माझे धाकटे काका संघात उजव्या बगलेवर खेळत आणि त्यांचा सदरा वाळत घातलेला असे, एवढेच मला आठवते. तो सदरा मांजरपाटाचा होता. पूर्ण बाह्यांचा, गावातील शिंप्याने शिवलेला, पितळी घंगाळात रंगाची पुडी उकळून घरीच निळा केलेला. काटेकोरपणे पाहिल्यास तो गंजीफ्रॉकही नव्हता आणि जर्सीही नव्हती, कारण हे दोन्ही कपडे विणीचे. आणि हा साध्या मागावरचा.

रंग निळाच का? गावातील दुकानात त्या दिवशी पुरेशा पुड्या फक्त निळ्या रंगाच्या होत्या म्हणून. सोस्यूरच्या सिद्धांतातील ‘यादृच्छिकता’ ही संकल्पना मी वर्गात शिकवतो तेव्हा मला हे दुकान आठवते. चिन्हक आणि चिन्हित यांच्यात मुळात कोणतेही नैसर्गिक नाते नसते. पण एकदा का बारा-पंधरा मुले त्या रंगात धावू लागली, हरली, जिंकली, की तो रंग यादृच्छिक उरत नाही. पावसाळ्यातील पहिल्याच सामन्यात रंग सुटला आणि सगळ्यांच्या पाठी निळ्या झाल्या. दोन दिवस साबण लावूनही तो गेला नाही, असे काका सांगत. त्यानंतर आमच्या संघाला दुसऱ्या रंगाचा विचारही कधी शिवला नाही.

मोठ्या संघांची कथा याहून फार वेगळी नाही. गेल्या वर्षी रविवारच्या संपर्कसत्रास एक विद्यार्थी बार्सिलोना संघाची जर्सी घालून आला होता. हे दोन रंग कोणी निवडले, असे मी त्याला विचारले. त्याला माहीत नव्हते आणि याबाबत खुद्द बार्सिलोनातही एकाहून अधिक कथा सांगितल्या जातात. संघाची स्थापना २९ नोव्हेंबर १८९९ ची, संस्थापक हान्स गाम्पर हा स्वित्झर्लंडचा. आरंभीचा सदरा अर्धा निळा व अर्धा गडद लाल होता. उभे पट्टे नंतरचे. मात्र त्या सदऱ्यावरील चिन्हाचा इतिहास निश्चित आहे आणि भाषेच्या विद्यार्थ्याने तो लक्षात ठेवावा. फ्रँकोच्या राजवटीत कॅटलन भाषेवर निर्बंध आले. संघाचे नाव ‘फुटबॉल क्लब बार्सिलोना’ असे होते. ते बदलून स्पॅनिश पदक्रमाचे ‘क्लब दे फुटबॉल बार्सिलोना’ असे करावे लागले. चिन्हातील कॅटलोनियाच्या ध्वजाच्या चार लाल पट्ट्यांपैकी दोन काढून टाकण्यात आले. पट्टे १९४९ मध्ये परत आले, जुना नामक्रम परत यावयास १९७३ उजाडले. दोन शब्दांचा क्रम आणि दोन रेघा, एवढ्यासाठी एका राजसत्तेला दखल घ्यावी लागली. सदरा हा केवळ कपडा असता तर असे घडले नसते.

आता आमच्या १९८३ च्या ‘जर्सीं’कडे वळतो. त्या प्रत्यक्षात बाजारातून घाऊक आणलेल्या पांढऱ्या बाह्यांच्या सुती बनियनी होत्या. म्हणजे आईला मी जर्सी म्हणून सांगितले खरे, पण मिळाले ते गंजीफ्रॉकच. त्या पुन्हा निळ्या करण्यात आल्या आणि पाठीवर पांढऱ्या कापडाचे अंक शिवण्यात आले. शिंप्याने अंक शिवले ते देवनागरी. त्याला दुसरे सुचण्याचे कारणच नव्हते. टेप सोडल्यास त्याच्या जगात अंक असत ते देवनागरीच.

फुटबॉलमध्ये पाठीवर अंक घालण्याची पद्धत तशी जुनी नाही. इंग्लंडच्या लीगमध्ये आर्सेनल आणि चेल्सी हे संघ २५ ऑगस्ट १९२८ रोजी पहिल्यांदा अंक घालून उतरले आणि तेथे ही पद्धत सक्तीची व्हावयास आणखी अकरा वर्षे लागली. अंक त्या काळी माणसाचा नसे, जागेचा असे. जो डाव्या बगलेवर खेळेल तो ११. आज ११ क्रमांक घालणारा उद्या दुसऱ्या जागी खेळला तर दुसरा अंक घाली. व्याकरणाच्या भाषेत सांगावयाचे तर तो विभक्तीच्या प्रत्ययासारखा होता. वाक्यातील कार्य सांगणारा. १९९३ पासून इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये प्रत्येक खेळाडूला हंगामभर एकच अंक आणि त्यावर त्याचे नाव अशी व्यवस्था आली. प्रत्ययाचे विशेषनाम झाले. आज ‘दहा नंबर’ म्हटल्यावर आपल्याला मैदानावरची जागा आठवत नाही, माणूस आठवतो.

आमच्या देवनागरी अंकांनी मात्र एक अनर्थ घडवला, आणि तो सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. १९८७ साली अमरावतीस एका स्पर्धेत आम्ही खेळत होतो. पंच परप्रांतीय होते. त्यांना देवनागरी अंक वाचता येत नसत. माझ्या पाठीवर ‘४’ होता. मी प्रतिस्पर्ध्याला मागून पाडले, पंचांनी पिवळे कार्ड काढले आणि वहीत अंक टिपला. ‘४’ हा त्यांच्या डोळ्यांना इंग्रजी आठ वाटला. उत्तरार्धात आमच्या खऱ्या आठ क्रमांकाच्या खेळाडूने किरकोळ धक्का दिला. इतक्यात त्याच्या बाजूने कोणीतरी ओरडले, “आठ नंबर!” पंचांनी वही पाहिली, दुसरे पिवळे कार्ड काढले आणि त्याला मैदानाबाहेर घातले. तो माझा शाळेपासूनचा मित्र. तो वळून पाहात होता, कारण पहिले कार्ड कोणाचे होते हे त्याला ठाऊक होते. मलाही ठाऊक होते. मी बोललो असतो तर मी बाहेर गेलो नसतो, एका कार्डाने कोणी जात नाही; फक्त तो आत राहिला असता. तरी मी बोललो नाही. आम्ही तो सामना एका गोलाने हरलो. दोन लिप्यांतील सारख्या दिसणाऱ्या चिन्हांवर मी पुढे परिसंवादात निबंध वाचला. त्यात हे उदाहरण घेतले नाही.

पुढच्या वर्षी शिंप्याला इंग्रजी अंक कागदावर काढून देण्यात आले.

त्यानंतरची पंधरा वर्षे आमचे सदरे जवळजवळ तसेच राहिले, त्यामुळे त्यांविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. बदल झाला तो २००४ साली. माझ्या त्याच मित्राने एव्हाना गावात कृषी केंद्र काढले होते. एका बियाणे कंपनीकडून त्याने संघासाठी अठरा सदरे मिळवले. चकचकीत, हलके, न चुरगळणारे. छातीवर आमच्या मंडळाचे नाव लहान अक्षरांत आणि खाली मोठ्या अक्षरांत कपाशीच्या बीटी बियाण्याचे नाव. सदरा पूर्णपणे पॉलिएस्टरचा होता. कापसाची जाहिरात करणाऱ्या त्या वस्त्रात कापसाचा एक धागाही नव्हता, हे माझ्या वडिलांनी बोटांनी चाचपून पाहिले तेव्हा मला कळले. ते काही बोलले नाहीत. घडी करून त्यांनी तो खुंटीला अडकवला. खरे तर त्याला घडीची गरजच नव्हती.

छातीवरील जाहिरातीचा इतिहास हा चोरवाटांचा इतिहास आहे. जर्मनीत जाहिरातीला बंदी होती तेव्हा, १९७३ मध्ये, आइनट्राख्ट ब्राउनश्वाइग या संघाने आपले सिंहाचे चिन्हच बदलून एका मद्याच्या बाटलीवरील हरिणाचे शिंगाळे डोके आपले चिन्ह म्हणून घेतले. चिन्हाला कोण हरकत घेणार? इंग्लंडमध्ये केटरिंग टाउन या छोट्या संघाने जानेवारी १९७६ मध्ये छातीवर ‘केटरिंग टायर्स’ असे लिहिले. ते काढण्याचा हुकूम झाला. त्यांनी पुढची अक्षरे काढून फक्त ‘केटरिंग टी’ ठेवले आणि हा ‘टी’ म्हणजे टाउन, असे सांगितले. संक्षेपाची संदिग्धता म्हणजे काय, हे एवढ्या थोडक्यात कोणत्याही व्याकरणग्रंथात मला आढळले नाही. बार्सिलोनाने शतकाहून अधिक काळ छाती कोरी ठेवली. २००६ मध्ये तेथे प्रथम नाव आले ते युनिसेफचे, आणि त्यासाठी पैसे घेतले नाहीत. उलट संघानेच युनिसेफला दरवर्षी १५ लाख युरो देण्याचे ठरवले. पाच वर्षांनी छातीवर कतार फाउंडेशन आले, युनिसेफ पाठीच्या खालच्या भागात गेले. पुढे विमान कंपनी आली आणि २०२२ पासून गाणी ऐकवणाऱ्या एका कंपनीचे नाव सदऱ्यावर व मैदानावरही आहे.

आपल्याकडे चोरवाटेची आवश्यकता नव्हती. मुंबईच्या कूपरेज मैदानावर मफतलाल आणि ऑर्के या गिरण्यांचे संघ खेळत, महिंद्र युनायटेड खेळे; संघाचे नाव हीच कंपनीची जाहिरात. त्याविरुद्ध आवाज उठला तो कोलकात्यात. मोहन बागान हा १८८९ चा संघ. १९११ मध्ये त्याने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून आयएफए शील्ड जिंकली तेव्हा त्यांच्यातील एक सोडून सर्व खेळाडू अनवाणी होते, पण अंगात हिरवा-तांबूस रंग होता. २०२० मध्ये नव्या मालकीबरोबर या नावापुढे ‘एटीके’ ही तीन अक्षरे आली. सदऱ्याचे रंग तेच राहिले, तरी चाहत्यांनी तीन वर्षे विरोध चालू ठेवला आणि २०२३ मध्ये ती अक्षरे गेली. रंग वाचला म्हणून ते समाधानी झाले नाहीत. नावातील उपसर्गही त्यांना खुपत होता, हे मला भाषेचा अभ्यासक म्हणून विशेष वाटते.

पण माझा विषय कापसाचा आहे. दारव्ह्यातून जाणारी यवतमाळ–मूर्तिजापूर ही अरुंद मापाची ‘शकुंतला’ रेल्वे इंग्रजी कंपनीने घातली ती वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदराकडे, आणि तेथून मँचेस्टरकडे, नेण्यासाठी. १९२१ साली मँचेस्टरमध्येच तयार झालेले वाफेचे इंजिन ती १९९४ पर्यंत ओढत होते. ते मी पाहिले आहे, त्यामागे धावलोही आहे. आज मुंबई सिटी हा संघ आकाशी निळ्या रंगात खेळतो. त्याची बहुतांश मालकी २०१९ मध्ये ज्या समूहाकडे गेली होती, तो मँचेस्टर सिटीचा समूह, आणि आकाशी निळा हा मँचेस्टर सिटीचाच रंग. येथून कापूस गेला; रंग मात्र दोन्हीकडे एकच. फक्त तो रंग आता ज्यावर चढतो ते कापूस नव्हे.

याचे कारण समजून घेण्यास रसायनशास्त्राची थोडी मदत घ्यावी लागते. सर्वसाधारण हवेत कापूस स्वतःच्या वजनाच्या सुमारे आठ टक्के ओलावा धरून ठेवतो; पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. घाम आला की सुती सदरा तो पितो आणि जड होतो. पॉलिएस्टर तो पृष्ठभागावरून पसरवून उडून जाऊ देते. दुसरे, हल्ली छापाईची जी पद्धत सर्वत्र चालते तिच्यात उष्णतेने शाईची वाफ होऊन ती धाग्यात शिरते. ती पॉलिएस्टरच्या धाग्यात शिरते, कापसाच्या धाग्यात टिकत नाही. म्हणजे खेळाडूच्या शरीराने कापूस नाकारला आणि छापखान्यानेही. पॉलिएस्टर परके आहे असेही म्हणण्याची सोय नाही. नागपूरजवळ बुटीबोरीला ते तयार करणारा मोठा कारखाना आहे. आमच्या जिनिंगपासून ट्रक तीन-चार तासांत तेथे पोहोचतो.

हे सारे मला पुस्तकातून माहीत होते. तरीही २०२२ मध्ये मंडळाचा सुवर्णमहोत्सव आला आणि अध्यक्ष या नात्याने जर्सीचा निर्णय माझ्याकडे आला, तेव्हा मी हट्ट धरला. पन्नास वर्षांपूर्वीचा सदरा पुन्हा करावयाचा: जाड सुती कापड, पूर्ण बाह्या, निळा रंग, पाठीवर देवनागरी अंक, जाहिरात नाही. कापसाच्या जिल्ह्यातील संघाने कापूस घालावा, असे मी बैठकीत बरेच लांबवून बोललो. टाळ्याही मिळाल्या. मुलांना कोणी विचारले नाही.

सामना ऑक्टोबरमध्ये, दुपारी तीनला. ऑक्टोबरचे ऊन आपणास सांगावयास नको. विसाव्या मिनिटापर्यंत सदरे काळपट निळे झाले होते. मध्यंतरात मुले झाडाखाली बसली तेव्हा एकाने बाही पिळली आणि पाण्याची धार लागली. कर्णधार माझ्याजवळ आला. तो तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी, त्याच्या घरी पाच एकर पऱ्हाटी. “सर, राग नका मानू,” तो म्हणाला, “हे ओलं झालं का आंगाले चिकटते, पाय उचलत नाई. कापूस आमी पिकोतो, पन खेयाले हे पुरत नाई.” ‘खेळायला’चे ‘खेयाले’ होताना ‘ळ’चा ‘य’ होतो आणि चतुर्थीला ‘ले’ लागतो, हे मी वऱ्हाडी बोलीच्या तासाला फळ्यावर लिहीत आलो आहे. त्या दिवशी मला फळा आठवला नाही. मी मान हलवली. मुलांनी पिशव्यांतून आदल्या वर्षीच्या पॉलिएस्टरच्या जर्सी काढल्या.

नंतर एका मित्राने मला जी माहिती दिली ती आधी मिळती तर बरे झाले असते. १९८६ च्या विश्वचषकात अर्जेंटिनाचा संघ उरुग्वेविरुद्ध जाड सुती निळ्या सदऱ्यांत खेळला. इंग्लंडविरुद्धचा पुढील सामना २२ जून रोजी मेक्सिको सिटीत भर दुपारी होता. प्रशिक्षक कार्लोस बिलार्दो यांना हे सदरे उन्हात घामाने जड होतील अशी धास्ती होती. कंपनीकडे हलके निळे सदरे तयार नव्हते. तेव्हा माणूस पाठवून शहरातील दुकानातून हलके सदरे विकत आणले गेले, संघाची चिन्हे घाईने शिवली गेली आणि पाठीवर अमेरिकन फुटबॉलचे चंदेरी अंक इस्त्रीने चिकटवले गेले. मॅराडोनाने दोन्ही प्रसिद्ध गोल याच सदऱ्यात केले. २०२२ च्या मे महिन्यात त्याच्या त्या सदऱ्याला लिलावात सुमारे ७१ लाख पौंड मिळाले. आमचा सामना त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमधला. तो सामना मी १९८६ मध्ये दूरदर्शनवर, अठराव्या वर्षी, शेजाऱ्यांच्या ओसरीत बसून पाहिला होता. सदऱ्याकडे लक्ष गेले नव्हते.

बावीस सुती सदरे धुऊन मंडळाच्या कपाटात ठेवले. मुलांनी एकेक मागून नेला, आठवण म्हणून असेल असे मला वाटले.

डिसेंबरात मी बोरी अरबच्या रस्त्याने येत होतो. डावीकडे शेतात वेचणी चालली होती. आपल्यापैकी जे शेतावरचे आहेत त्यांना ठाऊक आहे की वेचणीला जाताना बाया लुगड्यावर घरातील पुरुषाचा जुना पूर्ण बाह्यांचा सदरा चढवतात. बोंडाच्या वाळल्या टोकांनी हात ओरबाडले जातात, ऊनही लागते. त्या रांगेतील एकीच्या पाठीवर देवनागरी ‘११’ होता. मी गाडी थांबवली. ती कर्णधाराची आई निघाली. कमरेची ओटी कापसाने भरली होती. मी सदऱ्याकडे पाहतो आहे असे दिसल्यावर ती थोडी संकोचली आणि म्हणाली, “पोरगं घालत नाई, सर. म्या घेतला. चांगला हाये, घाम टिपते.”

मग तिने ओटी सोडून कापूस गाठोड्यात ओतला आणि पुढच्या ओळीला लागली.